पाणी कोठून आले?

श्रावणातील एका सकाळी एक कुटुंब जुन्या ॲम्बॅसडर मोटारीतून नांदेडहून लातूरकडे निघाले आहे, अशी कल्पना करा. लोहा मागे पडते न पडते तोच पावसाची मोठी सर येते. अहमदपूर येईपर्यंत चालकाच्या पायाखालील चटई ओलीचिंब होते. मोटारीच्या तळाला भोक पडले असावे, असा सर्वांचा तर्क होतो. लातूरला पोहोचताच तळाचा पत्रा सांधून घेतला जातो. परंतु परतीच्या वाटेवर पुन्हा पाऊस लागतो आणि चटई पुन्हा भिजते! पैसे गेले, वेळ गेला. पाणी मात्र येतच राहिले.

असे का व्हावे? पाणी जेथे दिसते तेथूनच ते शिरले असेल, असे मनुष्य सहज मानतो. चूक होते ती नेमकी येथे. पाणी उताराच्या वाटेने निमूटपणे दूरवर जाते आणि जेथे वाट संपते तेथे प्रकट होते. या मोटारीत ते पुढच्या काचेच्या कडेने शिरत होते, पत्र्याच्या आतल्या बाजूने ओघळत होते आणि शेवटी चटईत मुरत होते.

आजच्या बहुतेक मोटारींची पुढची काच चिकट द्रव्याने चौकटीला पक्की जोडलेली असते. ॲम्बॅसडर, पद्मिनी यांसारख्या जुन्या मोटारींत ती रबराच्या जाड पट्टीत बसवलेली असते. या पट्टीला दोन खाचा असतात. एका खाचेत काच बसते, तर दुसरीत चौकटीच्या पत्र्याची कड. रबर मऊ आहे तोवर ते दोहोंना घट्ट धरून ठेवते. परंतु मराठवाड्यातील उन्हाळा कडक. पारा ४० अंशांच्याही वर चढतो. अशा उन्हात वर्षानुवर्षे तापलेले रबर कडक होते, आकसते आणि कोपऱ्यांत तडकते. ॲम्बॅसडर मोटारींचे उत्पादन तर २०१४ साली थांबले. तेव्हा तिचे मूळचे रबर आता जुनेच असणार.

अशी फट केसाएवढी असली तरी पाण्याला पुरते. दिव्याची वात ज्या गुणामुळे तेल वर ओढून घेते, त्याच गुणामुळे अरुंद फट पाणी आत ओढते. यालाच केशाकर्षण म्हणतात.

मग ही फट शोधावी कशी? प्रथम चटया काढून आतील भाग कोरडा पुसावा. काचेच्या आतल्या कडेवर खडूची बारीक भुकटी लावावी. एकाने विजेरी घेऊन आत बसावे व दुसऱ्याने बाहेरून हळूहळू पाणी ओतावे. मात्र सुरुवात खालच्या कडेपासून करावी. वरून ओतलेले पाणी सर्वच कडांवरून वाहते आणि दोष कोठे आहे ते कळत नाही. खालची कड निर्दोष ठरली, की कोपरे, मग बाजू आणि शेवटी वरची कड, असा क्रम ठेवावा. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटे वाट पाहावी. भुकटीवर ओली रेघ उमटली, की चोराची पावले सापडली!

या कामासाठी नळी सोडून ठेवण्याचे कारण नाही. एक झारी पुरेशी होते. लातूरकरांना हे सांगावयास नको. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये त्या शहराची तहान भागविण्यासाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

फट लहान असेल, तर लाकडाच्या चपट्या पट्टीने रबराची कड अलगद उचलावी. आतील धूळ काढून जागा पूर्ण कोरडी करावी आणि तेथे काचेसाठीचे सीलंट भरावे. ओल्या किंवा मळलेल्या जागी ते धरत नाही. रबराखालील पत्रा गंजला असेल, तर वरवरची मलमपट्टी व्यर्थ होय. कुशल मिस्त्रीकडून काच उतरवून घ्यावी, गंज खरवडून रंग द्यावा आणि नवे रबर बसवावे. ते बसविण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. रबराच्या रिकाम्या खाचेत सभोवार दोरी घालतात. एक कारागीर बाहेरून काच दाबतो व दुसरा आतून दोरी हळूहळू ओढतो. दोरी निघत जाते तसतशी रबराची कड पत्र्यावर चढत जाते. काच फुटण्याचा धोका असल्यामुळे हे काम जाणत्यांनीच करावे. शेवटी पुन्हा झारीने पाणी ओतून पाहावे. त्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

या गळतीकडे दुर्लक्ष केल्यास तळाचा पत्रा गंजून खरोखरच भोक पडते. विजेच्या तारांवर पाणी पडले तर दिवे आणि वायपर ऐन पावसात बंद पडू शकतात. दोष लहान, पण त्यावर प्रवाशांचे प्राण अवलंबून असतात.

ज्याने प्रथम तळ सांधला, तो आळशी नव्हता. त्याने केवळ शोधण्याआधी दुरुस्ती केली. परिणाम डोळ्यांपुढे असतो, कारण मात्र पुष्कळदा दूर दडलेले असते. म्हणून हातात हत्यार घेण्यापूर्वी झारी घ्यावी.