विहिरीची पातळी आणि मोबाइलवरची रेघ

दिवाळी सरली की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या नगर जिल्ह्यातल्या, शेतकऱ्यापुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. विहिरीतले पाणी किती दिवस पुरेल? गहू, कांदा करावा, की ज्वारी-हरभऱ्यावर भागवावे? नगर तालुक्यातील हिवरे बाजारने या प्रश्नाचे उत्तर गावाने मिळून शोधण्याची पद्धत पाडली. पाऊस मोजायचा, विहिरींची पातळी मोजायची, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि मगच पिके ठरवायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण तिथे आकड्यांत मांडली जाते.

आता हे आकडे नुसते वहीत राहिले, तर ते वाचणारे चार-दोनच. तक्त्यातून चढउतार चटकन लक्षात येत नाही. तेच आकडे रेघेने जोडले, की यंदा पाणी किती वेगाने उतरते आहे हे लहान मूलही सांगू शकते. विल्यम प्लेफेअर यांनी १७८६ मध्ये लंडनमध्ये आयात-निर्यातीचे आकडे अशा रेघांनी छापले, तेव्हापासून ही रीत जगभर रुजली. आज ती रेघ शेतकऱ्याच्या मोबाइलवर, शाळेतल्या संगणकावर आणि ग्रामपंचायतीच्या मोठ्या पडद्यावर सारखीच नीट दिसायला हवी. त्यासाठी विकतची प्रणाली लागत नाही. १९९५ पासून ब्राउझरमध्ये असलेली जावास्क्रिप्ट ही भाषा आणि २००१ मध्ये प्रमाणित झालेली एसव्हीजी ही रेखाचित्रांची पद्धत, एवढी सामग्री पुरते. मोठ्या कामासाठी तयार ग्रंथालये, म्हणजे लायब्रऱ्या, जरूर वापराव्यात. पण एका रेघेसाठी ते ओझे नको, विशेषतः जिथे मोबाइलची रेंज जेमतेम येते तिथे.

आज्ञावलीची अक्षरे इथे देत नाही. तिच्यामागचा हिशेब मात्र समजून घेऊ. तो त्रैराशिकाचा आहे.

राहुरी तालुक्यातील मुळा धरणाची साठवण क्षमता २६ टीएमसी, म्हणजे २६ अब्ज घनफूट. समजा, आलेखाची उंची २६० ठिपके घेतली. मग एका टीएमसीला १० ठिपके आले. साठा २० टीएमसी असेल, तर बिंदू तळापासून २०० ठिपक्यांवर पडायला हवा. पण पडद्याची मोजणी वरून खाली होते. सर्वांत वरची कड म्हणजे शून्य. म्हणून २६० मधून २०० वजा करायचे आणि बिंदू वरून ६० ठिपक्यांवर ठेवायचा. ही वजाबाकी विसरली, की भरलेले धरण कोरडे दिसते.

गंमत अशी, की विहिरीच्या बाबतीत ही वजाबाकी करावीच लागत नाही. विहिरीचे पाणी आपण जमिनीपासून खाली मोजतो. ऑक्टोबरात पाणी ४ मीटरवर, मे महिन्यात ११ मीटरवर, असे म्हणतो. आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेले. पडद्याचीही रीत तीच. एका मीटरला २० ठिपके धरले, तर ४ मीटरचा बिंदू वरून ८० वर आणि ११ मीटरचा २२० वर. आलेखाची वरची कड ही जमीन, खालची कड हा विहिरीचा तळ. रेघ उतरली म्हणजे पाणी उतरले, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

आता रुंदीकडे वळू. जून ते मे असे १२ महिन्यांचे १२ बिंदू घेतले, तर त्यांच्यामध्ये ११ अंतरे पडतात. मोबाइलची रुंदी ३६० ठिपके असेल आणि कडांसाठी ३० सोडले, तर ३३० उरतात. प्रत्येक महिन्याला ३० ठिपके मिळतात. मोठ्या पडद्यावर १,१३० ठिपके असतील, तर प्रत्येक महिन्याला १०० मिळतात. म्हणजे अंतराचा आकडा आज्ञावलीत कायमचा लिहून ठेवायचा नाही. ज्या चौकटीत आलेख बसवायचा, तिची रुंदी आधी विचारायची आणि मग भागाकार करायचा. २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी पडद्याप्रमाणे स्वतःला जुळवून घेणाऱ्या पानांची जी कल्पना मांडली, तिचेच हे आलेखातले रूप.

मोठे चित्र काढून ते मोबाइलवर नुसते आक्रसून दाखवण्याची सोपी वाटही एसव्हीजीत आहे. पण त्यात रेघेबरोबर अक्षरेही आक्रसतात. १,१३० ठिपक्यांच्या चित्रातले १४ ठिपक्यांचे अक्षर ३६० च्या पडद्यावर साडेचार ठिपक्यांचेसुद्धा राहत नाही. उन्हात, बांधावर उभे राहून ते कोण वाचणार? म्हणून रुंदी बदलली की रेघ नव्याने काढावी आणि अक्षरांचा आकार तोच ठेवावा. जागा कमी असेल तर बाराही महिन्यांची नावे न लिहिता दर तिसऱ्या महिन्याचे लिहावे. चौकटीच्या रुंदीवर नजर ठेवणारा रिसाइझ ऑब्झर्व्हर नावाचा पहारेकरी ब्राउझरमध्येच असतो. फोन आडवा धरला, की तो वर्दी देतो.

एक सावधगिरी मात्र हवी. रुंदी कमी झाली आणि उंची तीच राहिली, तर वरच्या उदाहरणात रेघेचा उतार तिपटीहून अधिक तीव्र होतो. पाणी तेच, पण मोबाइलवर पाहणारा धास्तावतो आणि मोठ्या पडद्यावर पाहणारा निर्धास्त राहतो. तेव्हा रुंदीबरोबर उंचीही थोडी कमी करावी आणि शेवटच्या बिंदूशेजारी त्याचा आकडा ठळक लिहावा.

तारखांचेही तसेच. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते; साधारणपणे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. मार्च ते मे दोन महिने, तर मे ते ऑक्टोबर पाच महिने. हे चार बिंदू सारख्या अंतरावर मांडले, तर पावसाळ्यातला चढ खऱ्यापेक्षा जलद दिसतो. म्हणून बिंदूची जागा क्रमांकावरून न ठरवता तारखेवरून ठरवावी. दोन तारखांमध्ये किती दिवस आहेत, हे जावास्क्रिप्टला काढता येते.

सर्वांत मोठा धोका मात्र रिकाम्या चौकटीत असतो. एखाद्या महिन्यात मोजणी झाली नाही, तर वहीत ती जागा कोरी राहते. जावास्क्रिप्टला त्या कोऱ्या जागेचा आकडा करायला सांगितले, की ती मुकाट्याने शून्य देते. धरणाच्या आलेखात शून्य म्हणजे ठणठणीत कोरडे धरण. ती चूक निदान डोळ्यांत तरी भरते. विहिरीच्या आलेखात शून्य म्हणजे जमिनीला टेकलेले पाणी, काठोकाठ भरलेली विहीर! ज्या महिन्यात कोणी मोजायला गेलेच नाही, त्याच महिन्यात विहीर तुडुंब दिसणार. त्या भरवशावर कोणी कांदा लावला, तर फेब्रुवारीत टँकर कुठून आणणार?

म्हणून आकडा करण्यापूर्वी जागा कोरी आहे का, हे तपासावे. कोरी असेल तर तिथे रेघ तोडावी आणि पुढच्या मोजणीपासून नवी सुरू करावी. मधली मोकळी जागा पाहणाऱ्याला प्रामाणिकपणे सांगते, की इथे मोजणी झालेली नाही. आपल्याकडे आणखी एक अडचण येते. नोंदी देवनागरी अंकांत टाइप केल्या, तर जावास्क्रिप्ट त्यांना आकडे मानतच नाही. ० ते ९ या दहा चिन्हांचे रूपांतर करणारी छोटी पायरी आधी ठेवली, की ग्रामसेवकाला किंवा विद्यार्थ्याला आपल्या सवयीच्या अंकांत नोंद करता येते. आलेखाखाली मूळ आकड्यांचा तक्ताही द्यावा, म्हणजे शंका आल्यास कोणालाही पडताळून पाहता येईल.

हे काम माध्यमिक शाळेतली मुले करू शकतील. त्यांना त्रैराशिक येते, आलेखाचे क्ष आणि य अक्ष ठाऊक असतात. सुरुवात शाळेजवळच्या एकाच विहिरीपासून करावी. एक मोजपट्टी, तिच्या टोकाला वजन, महिन्यातला एक ठरलेला दिवस आणि सोबत एक मोठे माणूस. जून ते मे अशा बारा नोंदी झाल्या, की रेघ काढावी आणि ग्रामसभेत सर्वांच्या मोबाइलवर दाखवावी. रब्बीत काय पेरायचे, याची चर्चा मग तिथून पुढे सुरू होईल.