बी धरा, बी वाटा

उन्हाळा सरत आला की शेजारपाजारच्या बाया माझ्याकडे वालाचं, दोडक्याचं, चवळीचं बी मागायला येतात. पुलगावात आमचं परस लहानसंच आहे, पण बी मी दरवर्षी धरते. अलीकडे मात्र बी घेता घेता त्या एक प्रश्न विचारतात : "काकू, विकतच्या पाकिटातलं बी घरी धरलं तर गुन्हा होतो म्हणे?"

ही भीती कपाशीने शिकवली आहे. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि आमच्या भागात दर मृगाला नवं पाकीट आणायची सवय पडली. कपाशीचं हे वाण संकरित असतं. त्याच्या सरकीतून पुढच्या वर्षी एकसारखी झाडं येत नाहीत, उतारा घटतो, म्हणून पाकीट आणावं लागतं. ती निसर्गाची अडचण आहे. लोकांनी मात्र तिला कायद्याची बंदी समजून सगळ्याच पिकांना लावून टाकलं.

कायदा काय म्हणतो ते ऐका. 2001 साली संसदेने पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा केला. नवीन वाण काढणाऱ्याला नोंदणीनंतर ते वाण विकण्याचा एकट्याचा हक्क मिळतो : झाडं आणि वेलींना 18 वर्षं, इतर पिकांना 15 वर्षं. पण याच कायद्याच्या कलम 39 ने शेतकऱ्यालाही हक्क दिला. संरक्षित वाणाचं बी तो राखून ठेवू शकतो, पेरू शकतो, पुन्हा पेरू शकतो, अदलाबदल करू शकतो, वाटू शकतो, विकूही शकतो. मनाई एकच आहे : संरक्षित वाणाचं नाव दाखवणारं लेबल लावून, पुडी बांधून विकायचं नाही. आणि शेतकरी कोण? स्वतः जमीन कसून पीक घेणारी व्यक्ती. व्याख्येत एकराची अट नाही. त्यामुळे परसात वाल लावणाऱ्या बाईनेही घाबरायचं कारण मला दिसत नाही.

हा हक्क किती मोलाचा आहे ते 2019 मध्ये गुजरातेत दिसलं. चिप्सच्या बटाट्याचं आपलं नोंदणीकृत वाण लावलं म्हणून पेप्सिकोने शेतकऱ्यांवर दावे लावले, चौघांकडून प्रत्येकी 1 कोटी 5 लाख रुपये मागितले. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. त्या वाणाच्या नोंदणीचा वाद पुढे दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 2024 मध्ये तिथे कंपनीच्या बाजूने निकाल लागला. तरी कलम 39 जिथल्या तिथे आहे.

मला मात्र या विषयात सर्वांत जवळचे वाटतात ते दादाजी रामाजी खोब्रागडे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. जमीन जेमतेम दीड एकर. 1983 मध्ये पटेल-3 धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या तोडून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षं निवड करत बारीक दाण्याचं धान उभं केलं. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाच्या नावावरून ते एचएमटी झालं. दादाजींनी बी कुणाला नाकारलं नाही. 1994 मध्ये अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून 5 किलो बी नेलं आणि 1998 मध्ये पीकेव्ही एचएमटी हे वाण बाजारात आणलं. बी शुद्ध करण्याचं काम विद्यापीठाचं खरं, पण मूळ लोंबी हेरणाऱ्या माणसाचं नाव मागे पडलं. या कायद्याखाली शेतकऱ्यालाही आपलं वाण नोंदवता येतं, तेही शुल्क न भरता. 2012 मध्ये एचएमटीची नोंद दादाजींच्या नावावर झाली. 3 जून 2018 रोजी ते गेले. ज्या ज्या घरी एचएमटीचा भात शिजतो, तिथल्या प्रत्येकाला हे नाव ठाऊक असायला हवं.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. सोयाबीन सरळ वाणाचं पीक आहे. एकदा चांगलं प्रमाणित बी घेतलं की पुढची दोन वर्षं घरचं चालतं, हे कृषी विभागच सांगतो. नाचणगावच्या शेतातलं बी पेरणीआधी भाऊ माझ्या अंगणात तपासतो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपत राहायचं. पाचव्या दिवशी उलगडलं की पांढरे कोंब मोजायचे. सत्तर निघाले की बी पेरायला चांगलं, त्याहून कमी आले तर एकरी बी वाढवायचं. सोयाबीनचं टरफल नाजूक, म्हणून पोती आपटायची नाहीत आणि थप्पी उंच रचायची नाही. 2020 च्या खरिपात विकतचं सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. त्या वर्षी ज्यांच्या घरी तपासलेलं बी होतं, त्यांना दुकानाकडे तोंड करून बसावं लागलं नाही.

गुलाबाचंही विचारतात. कायद्याच्या लेखी कलमाची काडीसुद्धा बीच आहे. शेजारणीला काडी द्यायला हरकत नाही. पण संरक्षित गुलाबाच्या नावाने रोपं करून रोपवाटिका चालवायची, तर वाणाच्या मालकाची परवानगी लागते.

एका बाबतीत मात्र सावध राहा. तणनाशक सोसणारी कपाशी चोरून विकली जाते. तिला सरकारची मंजुरीच नाही, तिच्यावर पर्यावरण कायदा लागतो, कलम 39 तिथे ढाल होत नाही.

तुमच्या घरी आजीच्या वेळचं वांगं, तूर, जवस, लाखोळी असेल तर ते मरू देऊ नका. गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला, जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला ते दाखवा, नोंदणीचं विचारा. आणि यंदा मळणी झाली की सगळं बाजारात नेण्याआधी बियापुरतं बाजूला काढा. तो तुमचा हक्क आहे.