लघवीतलं रक्त अंगावर काढू नका



मूत्रपिंडाचा किंवा मूत्राशयाचा कॅन्सर झाला की गावात पहिला प्रश्न येतो, "तिच्या माहेरी कुणाला होता का?" म्हणून हा आजार पेशीत कसा सुरू होतो ते समजून घेऊ.

आपल्या एकेका पेशीत साधारण 2 मीटर लांबीचा डीएनए असतो. तो मावतो कसा? शिलाई मशीनचा दोरा रिळावर गुंडाळतो ना, तसा तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असतो. या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. दोऱ्यावर पेशीसाठी सूचना असतात, ती जनुकं. जी सूचना हवी तेवढाच दोरा सैल करायचा, बाकीचा घट्ट ठेवायचा, हे काम काही खास प्रथिनं करतात. ती प्रथिनं बनवणारं जनुकच बिघडलं, तर नको ती सूचना उघडी पडते आणि हवी ती बंद राहते. मग पेशी थांबायचं विसरते, वाढतच जाते.

मूत्रपिंडाच्या सर्वांत जास्त आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये दहापैकी साधारण चार गाठींत पीबीआरएम1 हे असं जनुक बिघडलेलं असतं. शास्त्रज्ञांना हे 2011 मध्ये कळलं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये केडीएम6ए आणि एआरआयडी1ए ही जनुकं बऱ्याचदा बिघडलेली सापडतात.

आता महत्त्वाचं. बहुतेक वेळा हा बिघाड जन्मापासून नसतो. वाढत्या वयात, बिडी-सिगारेटच्या धुरामुळे किंवा नुसता योगायोगानेही तो एखाद्या पेशीत होतो. असा बिघाड मुलाबाळांत उतरत नाही. म्हणून कुणाच्या माहेराला बोल लावू नका. थोड्या घरांत मात्र तो आनुवंशिक असतो. जवळच्या दोघातिघांना असा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

जनुक आपल्याला दिसत नाही, पण लघवीतलं रक्त दिसतं. "उन्हाळी लागली असेल", "पाळीचं असेल" म्हणून आपण ते अंगावर काढतो. दुखत नसलं, एकदाच दिसलं, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लघवी तपासून घ्या. दर वेळी तो कॅन्सरच असतो असं नाही; संसर्ग किंवा खडाही असू शकतो. पण औषध घेऊनही रक्त पुन्हा दिसलं, तर "डॉक्टर, सोनोग्राफी करायची का?" असं स्पष्ट विचारा. खर्चाची काळजी असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. तिच्यात कॅन्सरचे उपचार येतात.

लघवीबद्दल बोलायला लाज वाटते, खरंय. म्हणून हा लेख बैठकीत मोठ्याने वाचा. एकीने तोंड उघडलं की दुसरीला धीर येतो.