बचावात्मक संघ (पोकेमॉन)

बचावात्मक संघ हा पोकेमॉन या व्हिडिओ गेम मालिकेतील स्पर्धात्मक लढतींमध्ये वापरला जाणारा संघरचनेचा एक प्रकार आहे. खेळाडूंमध्ये ही शैली 'स्टॉल' या नावाने ओळखली जाते. प्रतिस्पर्ध्याला मोठ्या हल्ल्यांनी नमवण्याऐवजी त्याचे हल्ले पचवणे, झालेली हानी वेळोवेळी भरून काढणे आणि विषबाधा, मैदानी सापळे यांसारख्या साधनांनी त्याला थोडेथोडे झिजवणे, हे या शैलीचे सूत्र आहे. अशा संघाचे बळ एखाद्या बलाढ्य पोकेमॉनमध्ये नसून सहा सदस्यांनी एकमेकांच्या उणिवा झाकण्यात असते. त्यामुळे एक सदस्य गमावला तरी संपूर्ण रचना कोसळू शकते.

पार्श्वभूमी

पोकेमॉन मालिकेतील पहिले खेळ इ.स. १९९६ मध्ये जपानमध्ये प्रकाशित झाले. गेम फ्रीक या कंपनीने तयार केलेल्या या मालिकेतील खेळांची 'पिढ्या' अशी विभागणी केली जाते. इ.स. २०२२ मधील स्कार्लेट आणि व्हायोलेट हे नवव्या पिढीचे खेळ आहेत. प्रत्येक पिढीत नवे पोकेमॉन, नव्या चाली आणि बदललेले नियम येत असल्याने संघ बांधण्याच्या पद्धतीही बदलत गेल्या.

एकेरी लढतीत प्रत्येक खेळाडूजवळ सहा पोकेमॉन असतात आणि एका वेळी दोन्ही बाजूंचा एकेकच मैदानात असतो. प्रत्येक पोकेमॉनला चार चाली वापरता येतात. दुसऱ्या पिढीपासून त्याच्याजवळ एक वस्तू ठेवता येते, तर तिसऱ्या पिढीपासून त्याला एक अंगभूत गुणही मिळाला. दर फेरीत दोन्ही खेळाडू आपला निर्णय एकमेकांना न कळता घेतात. निर्णय दोन प्रकारचे असतात: चाल खेळणे किंवा मैदानातील पोकेमॉन बदलणे. अदलाबदल सहसा हल्ल्याच्या आधी होते, म्हणून नव्याने आलेल्या पोकेमॉनला त्या फेरीतील हल्ला सोसावा लागतो. बचावात्मक खेळाचा सारा विचार या एका नियमाभोवती फिरतो.

एकेरी लढतींचे प्रचलित नियम प्रामुख्याने इ.स. २००४ मध्ये सुरू झालेल्या स्मोगॉन या खेळाडूंच्या समुदायाने घडवले. पोकेमॉन शोडाउन या संगणकीय प्रणालीमुळे अशा लढती घरबसल्या खेळणे सोपे झाले.

फटक्यांचे गणित

हल्ल्याने होणारी हानी चालीची ताकद, हल्लेखोराचा हल्ला-गुणांक आणि बचाव करणाऱ्याचा बचाव-गुणांक यांवर अवलंबून असते. त्यावर प्रकारांचा परिणाम होतो. सध्या पोकेमॉनचे १८ प्रकार आहेत. एखाद्या प्रकाराचा हल्ला दुसऱ्यावर दुप्पट, निम्मा किंवा शून्य परिणाम करतो. दोन प्रकार असलेल्या पोकेमॉनच्या बाबतीत हा परिणाम चौपट किंवा पाव होऊ शकतो. हल्ले शारीरिक आणि विशेष अशा दोन वर्गांत मोडतात आणि त्या प्रत्येकासाठी बचावाचा गुणांक वेगळा असतो.

रिकव्हर किंवा रूस्ट यांसारखी चाल एका फेरीत निम्मी जीवशक्ती परत मिळवून देते. 'लेफ्टओव्हर्स' ही वस्तू प्रत्येक फेरीच्या अखेरीस १/१६, म्हणजे ६.२५% जीवशक्ती देते. समजा, बचाव करणारा पोकेमॉन पूर्ण जीवशक्तीनिशी मैदानात आला, त्याच्याजवळ लेफ्टओव्हर्स आहे आणि प्रतिस्पर्धी त्याच्याहून वेगवान आहे. आत येताना त्याला एक फटका बसतो. पुढच्या फेरीत रिकव्हर वापरण्यापूर्वीच दुसरा बसतो. दोन फटके सोसून उरायचे असेल, तर प्रत्येक फटक्याची हानी सुमारे ५३ टक्क्यांहून कमी असायला हवी.

आता त्याच्या बाजूच्या मैदानात 'स्टेल्थ रॉक' हा सापळा पसरलेला असेल, तर आत येतानाच १२.५% जीवशक्ती कमी होते आणि हीच मर्यादा सुमारे ४७ टक्क्यांवर येते. ५०% हानी करणारा हल्ला पहिल्या स्थितीत निरुपद्रवी, तर दुसऱ्या स्थितीत प्राणघातक ठरतो. मैदान सापळ्यांपासून मुक्त ठेवणे हे बचावात्मक संघाचे मूलभूत काम मानले जाते, ते या कारणाने.

झिजवण्याचे गणितही असेच चालते. 'टॉक्सिक' या चालीने होणारी विषबाधा पहिल्या फेरीत १/१६, दुसऱ्या फेरीत २/१६ अशी वाढत जाते. पाच फेऱ्यांत एकूण १५/१६ जीवशक्ती नष्ट होते. बाधित पोकेमॉनला माघारी बोलावल्यास ही वाढ पुन्हा १/१६ पासून सुरू होते, परंतु बदलून आलेल्या पोकेमॉनला सापळ्यांची हानी सोसावी लागते. अशा प्रकारे थांबणे आणि बदलणे हे दोन्ही मार्ग प्रतिस्पर्ध्याला महाग पडतात.

गुणांकांचे वाटप

तिसऱ्या पिढीपासून प्रत्येक पोकेमॉनला प्रशिक्षणातून एकूण ५१० गुण मिळू शकतात आणि एका गुणांकासाठी त्यांतील २५२ गुणांचाच उपयोग होतो. स्तर १०० वर २५२ गुणांमुळे गुणांक ६३ ने वाढतो. ही वाढ कोठे करावी, याचे उत्तर अनेकदा अपेक्षेच्या उलट असते.

ब्लिसी हा पोकेमॉन याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. तिची मूळ जीवशक्ती २५५, शारीरिक बचाव केवळ १० आणि विशेष बचाव १३५ आहे. स्तर १०० वर प्रशिक्षणाविना तिची जीवशक्ती ६५१ पर्यंत जाते आणि पूर्ण प्रशिक्षणाने ती ७१४ होते, म्हणजे वाढ सुमारे १०% आहे. विशेष बचाव ३०६ वरून ३६९ होतो, म्हणजे वाढ सुमारे २०% आहे. शारीरिक बचाव मात्र ५६ वरून ११९ होतो, म्हणजे दुपटीहून अधिक. त्यामुळे विशेष हल्ले रोखण्यासाठी संघात घेतलेल्या ब्लिसीचे बहुतेक प्रशिक्षण तिच्या सर्वांत दुबळ्या गुणांकावर खर्च केले जाते.

स्कार्मरी आणि ब्लिसी

दुसऱ्या पिढीत आलेल्या स्कार्मरी आणि ब्लिसी या दोघांची जोडी बचावात्मक खेळाचा आदर्श मानली जाते. पोलाद आणि उड्डाण या प्रकारांच्या स्कार्मरीचा शारीरिक बचाव १४० आहे. भूमी आणि विष या प्रकारांच्या हल्ल्यांचा तिच्यावर परिणाम होत नाही. अग्नी आणि विद्युत या दोनच प्रकारांपुढे ती दुर्बल आहे. ब्लिसी सामान्य प्रकारची असल्याने ती केवळ युद्ध प्रकाराच्या हल्ल्यांना दुप्पट बळी पडते.

तिसऱ्या पिढीपर्यंत हल्ला शारीरिक की विशेष, हे त्याच्या प्रकारावरून ठरत असे. अग्नी आणि विद्युत या प्रकारांचे सर्व हल्ले विशेष होते. म्हणजे स्कार्मरीला घातक ठरणारा हल्ला ब्लिसी सहज पचवत असे. युद्ध प्रकाराचे हल्ले शारीरिक होते आणि स्कार्मरीवर त्यांचा परिणाम दुप्पट होत नसे. दोघींच्या उणिवा अशा प्रकारे जवळजवळ तंतोतंत झाकल्या जात. चौथ्या पिढीत प्रत्येक चालीचा वर्ग स्वतंत्रपणे ठरवण्यात आला. त्यानंतर शारीरिक अग्निहल्ले आणि विशेष युद्धहल्ले शक्य झाले व ही जोडी पूर्वीइतकी अभेद्य उरली नाही.

या जोडीची मर्यादा तिसऱ्या पिढीतच दिसून आली होती. मॅग्नेटॉनचा 'मॅग्नेट पुल' हा अंगभूत गुण पोलाद प्रकाराच्या पोकेमॉनला मैदान सोडू देत नाही. स्कार्मरी मॅग्नेटॉनच्या तावडीत सापडली की विद्युतहल्ल्याने बाद होई आणि तिच्या आधाराने उभा असलेला संघ शारीरिक हल्लेखोरांपुढे उघडा पडे.

संघातील भूमिका

बचावात्मक संघात पुढील भूमिकांची वाटणी केलेली असते. एकाच पोकेमॉनकडे दोन-तीन भूमिका असू शकतात.

• शारीरिक आणि विशेष भिंत: दोन्ही वर्गांतील हल्ले रोखणारे सदस्य. स्कार्मरी आणि टॉक्सापेक्स शारीरिक, तर ब्लिसी विशेष हल्ल्यांसाठी वापरले जातात. चान्सी हे ब्लिसीचे पूर्वरूप असले तरी पाचव्या पिढीतील 'इव्हिओलाइट' ही वस्तू अपूर्ण विकसित पोकेमॉनचे दोन्ही बचाव दीडपट करत असल्याने अनेकदा चान्सीलाच पसंती मिळते.
• सापळे पसरवणारा: स्पाइक्स किंवा स्टेल्थ रॉक वापरणारा सदस्य. स्पाइक्सचे तीन थर असल्यास जमिनीवर येणाऱ्या प्रत्येक पोकेमॉनची १/४ जीवशक्ती जाते. स्टेल्थ रॉकची हानी प्रकारानुसार बदलते. चारिझार्डसारख्या अग्नी आणि उड्डाण प्रकारांच्या पोकेमॉनची निम्मी जीवशक्ती त्यात जाते.
• सापळे हटवणारा: रॅपिड स्पिन किंवा सहाव्या पिढीपासून या कामी उपयोगी पडणारी डीफॉग ही चाल जाणणारा सदस्य.
• बळवाढ रोखणारा: काही पोकेमॉन स्वतःचा हल्ला-गुणांक वाढवून मग आक्रमण करतात. 'अनअवेअर' हा अंगभूत गुण अशा वाढीकडे दुर्लक्ष करतो. क्वॅगसायर आणि डोंडोझो यांच्याकडे तो असतो. व्हर्लविंडसारख्या चालीने प्रतिस्पर्ध्याला बळजबरीने मैदानाबाहेर घालवणे हा दुसरा उपाय आहे.
• बाधा दूर करणारा: भाजणे, विषबाधा, लुळेपणा यांपासून साऱ्या संघाला मुक्त करणारी हील बेलसारखी चाल असलेला सदस्य.

टॉक्सापेक्सला 'रिजनरेटर' हा अंगभूत गुण मिळू शकतो. मैदान सोडताना त्यामुळे १/३ जीवशक्ती परत मिळते. सतत अदलाबदल करणाऱ्या संघात असा सदस्य एकही फेरी खर्च न करता सावरतो.

संघ बांधण्याचा क्रम

संघबांधणीची सुरुवात बहुधा आवडत्या पोकेमॉनपासून न होता धोक्यांच्या यादीपासून होते. त्या काळी सर्वाधिक वापरले जाणारे हल्लेखोर आणि त्यांच्या नेहमीच्या चाली लक्षात घेऊन प्रत्येकासमोर कोण उभे राहील, हे ठरवले जाते. प्रथम एकमेकांना पूरक असे दोन किंवा तीन सदस्य निवडतात, नंतर उरलेल्या धोक्यांसाठी इतरांची भर घालतात.

यानंतर दोन प्रश्नांची तपासणी होते. पहिला असा की, एकाच सदस्यावर किती धोक्यांचा भार पडतो? एकच भिंत चार हल्लेखोरांना उत्तर असेल, तर प्रतिस्पर्धी त्यांतील दोघांच्या साह्याने तिला पाडून उरलेल्यांचा मार्ग मोकळा करतो. दुसरा प्रश्न विजयाचा आहे. केवळ टिकून राहणारा संघ लढत जिंकत नाही. विषबाधा, सापळे, एखादा मंद पण निश्चित हल्लेखोर किंवा प्रतिस्पर्ध्याच्या चालींचा साठा संपवणे यांपैकी निदान एक मार्ग संघात असावा लागतो. प्रत्येक चाल ठरावीक वेळाच वापरता येते. सर्व चाली संपल्यावर पोकेमॉनला 'स्ट्रगल' ही स्वतःलाही इजा करणारी चाल वापरावी लागते.

मर्यादा आणि प्रतिउपाय

'टाँट' ही चाल प्रतिस्पर्ध्याला काही फेऱ्या केवळ हल्ल्याच्या चाली खेळण्यास भाग पाडते, त्यामुळे जीवशक्ती भरून काढणे थांबते. 'ट्रिक' या चालीने भिंतीच्या हाती चॉइस वस्तू देता येते व ती एकाच चालीत अडकून पडते. पाचव्या पिढीतील सायशॉक हा विशेष हल्ला शारीरिक बचावावर आघात करतो, म्हणून तो ब्लिसीला त्रासदायक ठरतो. मैदान सोडू न देणारे अंगभूत गुण हा सर्वांत गंभीर धोका समजला जातो.

दीर्घ लढतीत दैवालाही अधिक वाव मिळतो. सातव्या पिढीपासून सामान्य हल्ला क्रिटिकल हिट ठरण्याची शक्यता २४ पैकी १ आहे आणि त्याची हानी दीडपट असते. ४० हल्ले सोसणाऱ्या संघाला त्यांत निदान एक असा फटका बसण्याची शक्यता सुमारे ८२% असते. त्यामुळे अनुभवी खेळाडू भिंतीची जीवशक्ती गरजेपुरती न ठेवता शक्य तितकी अधिक राखतात.

पिढ्यांनुसार बदल

पहिल्या दोन पिढ्यांत सर्व गुणांक एकाच वेळी पूर्ण वाढवता येत असल्याने बहुतेक पोकेमॉन चिवट असत. दुसऱ्या पिढीत लेफ्टओव्हर्सची भर पडल्यावर लढती विशेष लांबू लागल्या. तिसऱ्या ते पाचव्या पिढीपर्यंत टायरानिटारने उठवलेले वाळूचे वादळ आपोआप शमत नसे, त्यामुळे दर फेरीची झीज फुकट मिळे. सहाव्या पिढीत त्याला पाच फेऱ्यांची मर्यादा आली.

आठव्या पिढीतील 'हेवी-ड्यूटी बूट्स' या वस्तूमुळे सापळ्यांची हानी टाळता येऊ लागली. याच पिढीत टॉक्सिक ही चाल सर्वांना शिकवता येण्याजोग्या चालींतून वगळण्यात आली. जुन्या खेळांतून आणलेल्या पोकेमॉनकडे ती काही काळ टिकली, परंतु नवव्या पिढीत ती वाटही बंद झाली. नवव्या पिढीत रिकव्हर, सॉफ्ट-बॉइल्ड, रूस्ट आदी चालींची मूळ संख्या १० वरून ५ करण्यात आली. ती वाढवून पूर्वी १६ करता येई, आता ८ च करता येते. परिणामी, सावरण्याची प्रत्येक संधी जपून वापरावी लागते.

दुहेरी लढती

पोकेमॉनच्या अधिकृत जागतिक स्पर्धेत दुहेरी लढती खेळल्या जातात. खेळाडू सहापैकी चार पोकेमॉन निवडतो आणि एका वेळी दोन मैदानात असतात. दोन हल्लेखोर एकाच लक्ष्यावर तुटून पडले, तर एका फेरीत निम्मी जीवशक्ती भरून काढणे अपुरे पडते. त्यातच लढतीला वेळेची मर्यादाही असते. म्हणून एकेरीतील बचावात्मक संघ येथे क्वचितच दिसतो. बचावाचे तत्त्व मात्र निराळ्या रूपात टिकून आहे. इ.स. २०१४ मध्ये वॉशिंग्टन डी.सी. येथे झालेल्या जागतिक स्पर्धेत दक्षिण कोरियाच्या सेजुन पार्क यांनी दुबळा समजला जाणारा पाचिरिसू हा पोकेमॉन वापरला. 'फॉलो मी' या चालीने प्रतिस्पर्ध्याचे हल्ले स्वतःकडे ओढून घेत तो जोडीदाराचे रक्षण करी. पार्क त्या वर्षीचे विजेते ठरले.

मूल्यमापन

बचावात्मक खेळ कंटाळवाणा आणि वेळखाऊ आहे, अशी टीका अनेक खेळाडू करतात. लढत मुद्दाम कधीच संपू न देणारी रचना स्मोगॉनच्या नियमांनुसार निषिद्ध आहे. समर्थकांच्या मते, या शैलीत प्रतिस्पर्ध्याचा पुढचा निर्णय ओळखण्याचे कौशल्य पणाला लागते आणि अशा संघांमुळे आक्रमक खेळाडूंनाही केवळ ताकदीवर विसंबून राहता येत नाही. पुरा बचावात्मक संघ न वापरणारे खेळाडूही पूरक जोड्या, सापळ्यांचे नियंत्रण आणि धोक्यांची यादी ही तत्त्वे आपल्या संघरचनेत वापरतात.