एका क्षणाचे नव्हे, तेरा वर्षांचे परिवर्तन

संत ऑगस्टीनच्या धर्मांतराची गोष्ट सांगताना बहुतेक जण थेट मिलानमधल्या बागेत जातात. इ.स. 386 चा उन्हाळा. अंजिराच्या झाडाखाली एकतीस वर्षांचा वक्तृत्वाचा प्राध्यापक रडतो आहे. शेजारून लहान मुलाचा आवाज येतो, तो पौलाचे रोमकरांस पत्र उघडतो, समोर आलेल्या ओळी वाचतो आणि त्याचे मन निवळते. हा प्रसंग खोटा ठरवण्याचे कारण नाही. पण त्यालाच धर्मांतर मानले, तर ऑगस्टीन हाती लागत नाही. बागेत त्याला श्रद्धा सापडली नाही. सापडलेल्या श्रद्धेप्रमाणे जगण्याचा निर्णय तिथे झाला.

पुरावा त्याच्याच आयुष्यात आहे. आजच्या अल्जीरियातल्या थागास्ते गावी 354 मध्ये जन्मलेल्या ऑगस्टीनला ख्रिस्ती धर्म नवा नव्हता. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती होती. कार्थेजमध्ये शिकताना, 373 च्या सुमारास, सिसेरोचा एक ग्रंथ वाचून त्याला सत्यशोधनाची ओढ लागली. बायबलची भाषा मात्र त्याला ओबडधोबड वाटली, आणि जगात वाईट कुठून आले याचे सोपे उत्तर देणाऱ्या मानी पंथात तो सुमारे नऊ वर्षे रमला. त्या पंथाचा नामवंत आचार्य फाउस्टस प्रत्यक्ष भेटला तेव्हा त्याला शंकांची उत्तरे देता आली नाहीत, आणि तिथला विश्वास ढासळला. पुढे मिलानला बिशप अँब्रोज यांच्या प्रवचनांतून जुन्या करारातल्या कथांचा रूपकात्मक अर्थ कळला. नवप्लेटोवादी ग्रंथांनी आणखी एक गाठ सोडवली: वाईट ही स्वतंत्र शक्ती नसून चांगल्याचा अभाव आहे. बागेत जाण्यापूर्वीच बुद्धीचे बहुतेक आक्षेप मिटले होते. अडले होते ते आचरणात. आईने ठरवलेल्या विवाहासाठी त्याने अनेक वर्षांच्या सहचारिणीला आफ्रिकेला परत पाठवले आणि तरीही लगेच दुसरी स्त्री जवळ केली.

यावर कोणी म्हणेल, ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात तो स्वतःच बागेला एवढे महत्त्व देतो ना? देतो, पण बौद्धिक अडचणींचा निकाल त्याने आधीच्या, सातव्या खंडात लावला आहे. आठव्या खंडातली झुंज इच्छाशक्तीशी आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘कन्फेशन्स’ सुमारे दहा वर्षांनी लिहिले गेले; धर्मांतरानंतर लगेच कासिसियाकम येथे लिहिलेल्या संवादांत बागेचा प्रसंग नाही, तत्त्वचर्चाच अधिक आहे. म्हणून फ्रेंच अभ्यासक प्रॉस्पेर अल्फारिक यांनी 1918 मध्ये मत मांडले, की 386 मध्ये तो ख्रिस्ताकडे नव्हे, नवप्लेटोवादाकडे वळला. पण त्याच संवादांत ख्रिस्ताचा अधिकार आपण कधीच सोडणार नाही, असे तो स्पष्ट लिहितो. आणि 387 च्या ईस्टरला त्याने अँब्रोजकडून बाप्तिस्मा घेतला. केवळ तत्त्वज्ञ व्हायचे असते, तर त्याची गरज नव्हती.

पुढे हिप्पोचा बिशप म्हणून 430 मध्ये मरेपर्यंत तो मानवी इच्छा आणि ईश्वरी कृपा यांच्याविषयी लिहीत राहिला. पटलेले सत्यही माणसाला स्वबळावर आचरता येत नाही, हा त्याचा सिद्धांत. त्याचे मूळ बागेतल्या चमत्कारात नाही. पटूनही पाऊल उचलत नव्हते, त्या आधीच्या दिवसांत आहे.