१४ जानेवारी: हरलेल्या लढाईची आणि न सोडलेल्या कामांची तारीख

१४ जानेवारी म्हटलं की मराठी घरात दोन गोष्टी हमखास निघतात, तीळगूळ आणि पानिपत. पुण्यात तर दुसरी जरा जास्तच. पण हीच तारीख भारतीय क्रिकेटच्या पितामहांची आहे, संततिनियमनासाठी आयुष्य झिजवणाऱ्या एका प्राध्यापकाची आहे, रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या भारतीय गव्हर्नरांची आहे आणि मराठवाड्यातल्या सोळा वर्षांच्या लढ्याचीही आहे. ही नावं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर या दिवसाकडे केवळ पराभवाचा दिवस म्हणून बघणं अपुरं वाटू लागतं.

पानिपत आणि पुणे

१७६० च्या ऑक्टोबरात अहमदशहा अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि मराठ्यांचा दिल्लीकडचा रस्ता तोडला. पुढचे अडीच महिने पानिपतची छावणी कोंडली गेली. दाणावैरण संपली, घोडी मरू लागली, लढवय्यांबरोबर आलेली बायकामाणसं उपाशी राहू लागली. उपासाने मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी फौज बाहेर पडली. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी दुपारपर्यंत समोरच्यांना जेरीस आणलं होतं. मग विश्वासराव गोळी लागून पडले, सदाशिवरावभाऊ ऐन गर्दीत शिरले, अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली आणि दिवस मावळायच्या आत सगळा खेळ आटोपला.

मुलगा विश्वासराव आणि चुलतभाऊ सदाशिवराव दोघेही गेल्याचा घाव नानासाहेब पेशव्यांना सोसला नाही. त्याच वर्षी २३ जूनला पर्वतीवर त्यांचं निधन झालं. गादीवर आले सोळा वर्षांचे माधवराव. भाऊंच्या नावाची सदाशिव पेठ वसली ती याच थोरल्या माधवरावांच्या काळात. रणातून जखमी होऊन निसटलेल्या महादजी शिंद्यांनी हाय खाल्ली नाही. दहा वर्षांनी, १७७१ मध्ये, मराठी फौजा पुन्हा दिल्लीत शिरल्या. त्या महादजींची छत्री पुण्यातच, वानवडीला आहे. पर्वतीवर पानिपतचा शेवट दिसतो, वानवडीत त्याच्यापुढची गोष्ट सापडते.

त्या दिवशी संक्रांत होती का?

पानिपतची लढाई संक्रांतीला झाली, असं सरसकट सांगितलं जातं. तिथी होती पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२. संक्रांत मात्र तिथीवर ठरत नाही. सूर्याने मकर राशीत प्रवेश केला की संक्रांत. आपलं पंचांग हा प्रवेश ताऱ्यांच्या संदर्भाने मोजतं, तर इंग्रजी कॅलेंडर ऋतूंशी बांधलेलं आहे. पृथ्वीचा आस अत्यंत संथपणे डोलतो, म्हणून या दोन मोजमापांत साधारण ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. स्वामी विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, पण तारीख १२ जानेवारी १८६३. याच हिशेबाने आणखी शंभर वर्षं मागे गेलं, तर १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. म्हणजे लढाईच्या वेळी सण होऊन तीन-चार दिवस उलटले होते. आता संक्रांत अधूनमधून १५ जानेवारीला येते, त्याचंही कारण हेच. भूगोलतज्ज्ञ प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या जन्मदिनानिमित्त महाराष्ट्रात १४ जानेवारी भूगोल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी वर्गात शिकवायला याहून चांगला धडा कोणता?

देवधर मास्तरांची खेळी

सदाशिव पेठेतल्या स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे दिनकर बळवंत देवधर हे १४ जानेवारी १८९२ चे. पहिला प्रथम श्रेणी सामना त्यांनी १९११ च्या सुमारास खेळला आणि शेवटचा १९४६ मध्ये. दोन महायुद्धं सुरू होऊन संपली, तरी देवधर खेळतच होते. १९२६ मध्ये आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईत त्यांनी १४८ धावा काढल्या. पण भारताला पहिला कसोटी सामना मिळाला तो १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळिशीत होते. कसोटीची टोपी त्यांच्या डोक्यावर कधीच आली नाही.

दुसरा एखादा इथेच थांबला असता. देवधरांनी महाराष्ट्राचा संघ हाताशी धरला आणि १९३९-४० व १९४०-४१ असे लागोपाठ दोन हंगाम रणजी करंडक जिंकून दिला. दुसऱ्या हंगामात मुंबईसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनी २४६ धावा केल्या, तेव्हा वय होतं ४८. पन्नाशी उलटल्यावर, १९४४-४५ च्या हंगामात, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात १०५ आणि १४१ अशी दोन शतकं ठोकली. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी राष्ट्रीय बॅडमिंटन गाजवलं. मुलींनी रॅकेट हाती घेऊन स्पर्धांना जाणं तेव्हा सहज मान्य होत नव्हतं, हे ध्यानात घेतलं की या घराचं मोठेपण कळतं. १९७३ पासून देवधर करंडक सुरू झाला. १४ जानेवारी १९९२ ला वयाची शंभरी गाठून १९९३ मध्ये मास्तर गेले.

 

जन्मतारीख एक, वाटा वेगळ्या

देवधरांच्या दहा वर्षं आधी, १४ जानेवारी १८८२ ला, रघुनाथ धोंडो कर्वे जन्मले. महर्षी कर्व्यांचा हा मुलगा पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकला आणि मुंबईत गणिताचा प्राध्यापक झाला. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं. या कामापायी नोकरी सोडावी लागली. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं, खटले अंगावर घेतले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लोक टाळत होते, पैसा नव्हता, तरी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चाललं.

नाते गावचे चिंतामणराव देशमुख १४ जानेवारी १८९६ चे. १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा देणारे. देवधरांसारखेच तेही संस्कृतचे जाणकार. त्यांनी ‘मेघदूत’ मराठीत आणलं.

दुर्गा खोटे १४ जानेवारी १९०५ च्या. प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीने पडद्यावर येणं निंद्य मानलं जाई, त्या काळात १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये त्या तारामती झाल्या. ‘प्रभात’ पुण्याला आल्यावर १९३६ च्या ‘अमर ज्योती’त त्यांनी अन्यायाविरुद्ध उभी राहून समुद्री चाची झालेली स्त्री साकारली. त्या स्टुडिओच्या आवारात आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे.

सोळा वर्षांचा लढा

मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ ला केला. लगेच मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. १९७९ मध्ये लाँग मार्च निघाला. मागणी मात्र कोणी सोडली नाही. अखेर १४ जानेवारी १९९४ ला विद्यापीठाचा नामविस्तार झाला. ठराव झाला तेव्हा आणि नामविस्तार झाला तेव्हाही मुख्यमंत्री शरद पवारच होते. मधली सोळा वर्षं ज्यांनी सोसली, त्यांची नावं मात्र फार थोड्यांना ठाऊक आहेत.

पानिपत एका दिवसात हरलं गेलं. या तारखेशी जोडलेली सगळी यशं मात्र वर्षानुवर्षं चिकाटी धरून मिळालेली आहेत. महादजींना दहा वर्षं लागली, नामांतरवाद्यांना सोळा, कर्व्यांनी मासिक पाव शतकाहून जास्त चालवलं आणि देवधर पस्तीस वर्षं मैदानावर राहिले. म्हणून येत्या १४ जानेवारीला तीळगूळ देताना मुलांना पानिपत जरूर सांगा, पण तिथेच थांबू नका. पर्वती चढून आलात की वानवडीची छत्रीही दाखवा, स. प. वरून जाताना देवधरांचं नाव काढा आणि कर्व्यांनी कशासाठी सोसलं, हेही न संकोचता सांगा.