एक रेडिओ, दोन संगणक

हौशी रेडिओ म्हणजे व्यापारासाठी नव्हे, तर अभ्यास, प्रयोग आणि लोकसेवा यांसाठी चालविली जाणारी बिनतारी संदेशयंत्रणा होय. भारतात ती चालविण्यासाठी केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि तो मिळविण्यासाठी परीक्षा द्यावी लागते. परवानाधारकास स्वतःचे संकेतनाम मिळते. ते बहुधा ‘व्हीयू २’ किंवा ‘व्हीयू ३’ असे सुरू होते. दूरदेशीच्या श्रोत्याला तेवढ्यावरून बोलणारा भारतातला आहे हे कळते.

या छंदाचे मोल संकटात कळते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, तेव्हा हौशी रेडिओचालक आपले संच घेऊन मदतीला धावले. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचे पथक योगायोगाने अंदमानातील तेव्हाच्या पोर्ट ब्लेअर येथेच होते. दळणवळण कोलमडले असता या पथकाच्या संचावरून बेटांवरील वार्ता मुख्य भूमीकडे पोहोचत राहिल्या. अशा प्रसंगी एक माणूस बोलत असतो आणि दुसऱ्याला नावांच्या याद्या, औषधांची मागणी असा लेखी मजकूर पाठवायचा असतो. संच मात्र एकच असतो. मग एका रेडिओला दोन संगणक कसे जोडावेत, हा प्रश्न उभा राहतो.

पूर्वी रेडिओ व संगणक यांच्यामध्ये आज्ञांसाठी एक तार आणि आवाजासाठी दुसरी तार लागे. अलीकडच्या अनेक संचांत ही दोन्ही कामे एकच यूएसबी केबल करते. जपानच्या आयकॉम कंपनीचा ‘आयसी-७३००’ हा असाच एक संच. त्याची केबल जोडताच संगणकाला दोन वस्तू दिसतात: एक सिरियल पोर्ट, ज्यावरून फ्रिक्वेन्सी बदलता येते, आणि एक साउंड कार्ड, ज्यातून आवाज जातो-येतो. ‘एफटी८’सारख्या अंकीय पद्धतींना ही दोन्ही लागतात. २०१७ साली आलेल्या या पद्धतीच्या निर्मात्यांपैकी एक, जो टेलर, हे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविलेले शास्त्रज्ञ आहेत.

भिलाईतील कुरुद येथे एखाद्या घरी असा संच आहे असे समजा. ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सुमारे अडीचशे किलोमीटरवरच्या नागपूरशी बोलणे चालू आहे. एका संगणकावर संपर्कांची नोंदवही आहे, दुसऱ्यावर अंकीय संदेशांचा प्रोग्राम. साहजिकच मनात येते, की एखादी दुतोंडी केबल आणून दोन्ही संगणक एकदम जोडावेत.

पण यूएसबीचा स्वभाव आड येतो. या व्यवस्थेत एक यजमान असतो आणि बाकीची सर्व त्याची उपकरणे. यजमान विचारील तेव्हाच उपकरणाने उत्तर द्यायचे. एका बैलगाडीला दोन धुरकरी चालत नाहीत, तसे एका उपकरणाला दोन यजमान चालत नाहीत. हबने भागेल असे काहींना वाटते. परंतु हब उपकरणांची संख्या वाढवितो, यजमानांची नव्हे. दुतोंडी केबल तर घातकच. तिच्यामुळे दोन संगणकांचे ५ व्होल्टचे पुरवठे एकमेकांना भिडतात आणि पोर्ट निकामी होण्याचा धोका असतो.

सर्वांत सोपा उपाय यूएसबी स्विचचा. बटण दाबले की केबल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे वळते. मात्र दोन्ही संगणक एकाच वेळी काम करू शकत नाहीत आणि अदलाबदल होताच पहिल्याच्या दृष्टीने रेडिओ नाहीसा होतो. चालू प्रोग्राम मग अडखळतो व पुन्हा सुरू करावा लागतो. नेटवर्कवरून संपूर्ण यूएसबी उपकरण दुसऱ्या संगणकाला देण्याची जी सोय असते, तिच्यातही एका वेळी एकच मालक असतो.

अधिक शहाणपणाचा मार्ग निराळा आहे. केबल पहिल्या संगणकालाच ठेवावी आणि त्यावर मध्यस्थ प्रोग्राम चालवावा. ‘हॅमलिब’ या मुक्त सॉफ्टवेअरमधील ‘रिगसीटीएलडी’ हा असा मध्यस्थ आहे. तो रेडिओचा सिरियल पोर्ट स्वतःकडे ठेवतो आणि घरच्या नेटवर्कवर, ठरावीक क्रमांकाच्या पोर्टवर, इतरांची वाट पाहतो; हा क्रमांक सहसा ४५३२ असतो. दुसरा संगणक त्याला फ्रिक्वेन्सी विचारतो किंवा ती बदलण्यास सांगतो. दोघांच्या आज्ञा एकामागून एक रेडिओकडे जातात, त्यामुळे गोंधळ होत नाही. ‘एफएलरिग’ हा प्रोग्रामही हेच काम करतो.

हा मध्यस्थ आज्ञा पोहोचवितो, आवाज नव्हे. येथे बरेच जण फसतात: फ्रिक्वेन्सी दिसते, पण संदेश उमटत नाहीत. ऐकण्यापुरता आवाज दुसऱ्या संगणकाला हवा असेल, तर संचाच्या हेडफोनच्या खोबणीतून वेगळी तार काढता येते. पाठविण्याचे काम मात्र केबल असलेल्या संगणकाकडेच ठेवलेले बरे.

आयकॉमच्या संचात आणखी एक वाट असते. मागील बाजूस ‘रिमोट’ नावाची स्वतंत्र खोबण असते व तिच्यावरूनही आज्ञा देता येतात. ‘आयसी-७३००’च्या मेनूत ही वाट यूएसबीपासून वेगळी करण्याची सोय आहे. ती केल्यास दुसरा संगणक या खोबणीतून रेडिओशी थेट बोलू शकतो.

खरी भीती वेगळीच आहे. सिरियल पोर्टमध्ये ‘डीटीआर’ व ‘आरटीएस’ अशा दोन खुणेच्या वाटा असतात आणि रेडिओला प्रक्षेपणाचा इशारा त्यांवरूनही देता येतो. कित्येक प्रोग्राम पोर्ट उघडताना त्या वाटा आपसूक सक्रिय करतात. संचात तशी जुळणी केलेली असेल, तर कोणी बटण न दाबताही १०० वॉटचे प्रक्षेपण सुरू होते. त्या काळात संचाला काहीही ऐकू येत नाही आणि त्याच फ्रिक्वेन्सीवर मदत मागणाऱ्याचा आवाजही दबून जातो. म्हणून नवी जोडणी तपासताना अँटेना काढून तिच्या जागी डमी लोड लावतात, शक्ती किमान ठेवतात आणि दोन्ही संगणक एकेकदा बंद करून पुन्हा सुरू करतात. या वेळी प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला, तर आधी संचातील ती जुळणी बंद करतात आणि मगच अँटेना परत जोडतात.